चित्रं घरी ठेवा, वही सोबत घ्या: नाशिकच्या कलादालनात पहिल्यांदा जाणाऱ्या चित्रकारासाठी

इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेत ए ग्रेड मिळालेली असते. घरात पंचवीस-तीस चित्रं साठलेली असतात. मावशी-काका ‘आता प्रदर्शन भरव’ म्हणत असतात. मग एके दिवशी आपण चित्रांची गुंडाळी काखेत मारून कलादालनाच्या दारात उभे राहतो. मीही अशीच गेले होते. नेमका उद्घाटनाचा दिवस होता. चित्रकार पाहुण्यांच्या गराड्यात होते आणि मी कोपऱ्यात गुंडाळी उलगडून त्यांना माझे घाट, माझी देवळं दाखवत होते. त्यांनी दोन कागद पाहिले, ‘छान आहे, करत राहा’ म्हणाले, तेवढ्यात दीपप्रज्वलनासाठी त्यांना कोणी हाक मारली. घरी आल्यावर लक्षात आलं की भिंतीवरचं एकही चित्र मी पाहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून नव्या मुलांना मी एकच सांगते. पहिल्या चार-पाच भेटींना स्वतःचं काहीही नेऊ नका. आधी बघायला जा. चित्रकाराचं बघणं आणि रसिकाचं बघणं वेगळं असतं, आणि ते शिकावं लागतं. ते कसं करायचं, ते पुढे क्रमाने लिहिते आहे.

आधी ठिकाण ठरवा

नाशिकमध्ये सुरुवात करायला दोन जागा सोप्या आहेत. एक म्हणजे शालिमारला महाकवी कालिदास कलामंदिराला लागून असलेलं महापालिकेचं महात्मा फुले कलादालन. सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकावर, उतरलात तर चालत दहा-बारा मिनिटं, आणि नाशिकरोडहून येणाऱ्यांना शालिमारची बस किंवा शेअर रिक्षा मिळते. दुसरी जागा गंगापूर रोडच्या बाजूचं कुसुमाग्रज स्मारक. तिथेही चित्रप्रदर्शनं भरतात, आणि साहित्य-नाटकाच्या कार्यक्रमांना आलेले लोक सहज चित्रांकडे वळतात. याशिवाय कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या पट्ट्यात खासगी गॅलऱ्या असतात. कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनंही चुकवू नका. विद्यार्थ्यांचं काम बघताना आपण नक्की कुठे उभे आहोत हे फार स्पष्ट कळतं.

जाण्याआधी एक फरक समजून घ्या. काही दालनं भाड्याने मिळतात. तिथे चित्रकार दिवसाचं भाडं भरतो आणि प्रदर्शन स्वतः उभं करतो. काही गॅलऱ्या स्वतः चित्रकार निवडतात, भाडं घेत नाहीत, पण विक्रीतून कमिशन घेतात, आणि ते तीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत असू शकतं. पहिल्या प्रकारात तुम्ही गिऱ्हाईक असता, दुसऱ्यात गॅलरीने तुमच्यावर पैज लावलेली असते. दोन्हीकडे बोलण्याची पद्धत म्हणूनच वेगळी असते.

दिवस आणि वेळ

उद्घाटनाला गर्दी असते, भाषणं असतात, चित्रांसमोर माणसं उभी असतात. भेटीगाठींसाठी तो दिवस चांगला, बघण्यासाठी वाईट. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी दालन उघडल्या उघडल्या जा. तेव्हा चित्रकार बहुतेक वेळा एकटा खुर्चीवर बसलेला असतो आणि कोणी खरंच बघतंय याचा त्याला आनंद होतो. निघण्याआधी फोन करून प्रदर्शन चालू आहे का, वेळ काय, एवढं विचारून घ्या. प्रदर्शनं तीन-चार दिवसांत उतरतात.

सोबत हातात मावेल एवढी वही, पेन्सिल, आणि शिंप्याची मोजपट्टी. पिशवी आणि छत्री दारात ठेवा. पावसाळ्यात ओली छत्री चित्रांजवळ नेणं हा अपराधच समजा.

पहिली फेरी: लेबल न वाचता

आत गेल्यावर मधोमध उभं राहून सगळ्या भिंतींवरून एकदा नजर फिरवा. मग एक पूर्ण फेरी मारा, नाव-किंमत काहीही न वाचता. कुठल्या चित्रापाशी पाय आपोआप थांबले, कुठलं न बघता पुढे गेलात, एवढंच वहीत खुणेने टिपा. कारण लिहू नका. कारण नंतर शोधायचं आहे, आणि घाईने लिहिलेलं कारण बहुधा खोटं असतं.

आता जिथे थांबलात त्या चित्रापासून चित्राच्या रुंदीच्या तिप्पट अंतरावर उभे राहा. डोळे किलकिले करा. तपशील विरघळतात आणि काळ्या-पांढऱ्याचे मोठे आकार उरतात. चित्र उभं आहे की नाही ते तिथे कळतं. बारीक पानं, खिडक्यांचे गज, साड्यांचे काठ कितीही सुंदर असले, तरी हे चार-पाच मोठे आकार पडलेले असतील तर चित्र भिंतीवरून हाक मारत नाही.

दुसरी फेरी: नाकाजवळून

या फेरीला वेळ द्या. एकाच चित्रापाशी वीस मिनिटं गेली तरी चालतील.

नाशिकला जलरंगाची मोठी परंपरा आहे. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांनी घाट, वाडे, बाजार इतके रंगवले की इथल्या बहुतेक प्रदर्शनांत गंगा असतेच. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, हे बाहेरून आलेल्यांसाठी.) विषय ओळखीचा असल्याचा एक मोठा फायदा आहे: चित्रकाराने काय पाहिलं आणि काय गाळलं, हे तुम्हाला पडताळता येतं. रामकुंडापाशी नदी दक्षिणेकडे वळते. त्यामुळे पंचवटी पूर्व काठावर आणि जुनं नाशिक पश्चिम काठावर येतं. म्हणजे सकाळचं ऊन जुन्या नाशकाच्या बाजूच्या पायऱ्यांवर, सुंदरनारायणाच्या देवळाच्या बाजूला पडतं, आणि तेव्हा पलीकडचं नारोशंकराचं देऊळ उजेडाच्या विरुद्ध, गडद आकारासारखं दिसतं. संध्याकाळी हे उलटं होतं. आता भिंतीवरच्या चित्रात सावल्या कुठल्या बाजूला पडल्यात ते बघा आणि वेळ सांगायचा प्रयत्न करा. सांगता आली तर त्या माणसाने तिथे बसून काम केलंय, किंवा निदान उजेड नीट लक्षात ठेवलाय. देवळावर एकीकडून आणि माणसांवर दुसरीकडून ऊन असेल, तर दोन फोटो जोडलेले असण्याची शक्यता बरीच. फोटोवरून चित्र करण्यात वाईट काही नाही, पण जोड दिसायला नको.

मग काळा दगड बघा. आपल्याकडची जुनी देवळं बेसॉल्टची, म्हणजे काळ्या दगडाची, काळारामाचं देऊळही. नवखा चित्रकार ट्यूबमधला काळा उचलतो आणि देवळाच्या जागी चित्राला भोक पडल्यासारखं दिसतं. जाणता चित्रकार बहुतेक वेळा अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून काळ्याच्या जवळ जातो. अल्ट्रामरीनचे कण जड असतात, खरखरीत कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात, आणि दगडाचा पोत ब्रश न फिरवताच येतो. हे पुस्तकात वाचून कळत नाही, मूळ चित्राला नाक लावूनच कळतं. मोबाईलवर तर ते दिसतच नाही. प्रिंटमध्ये हा सगळा भाग एकसारखा करडा होतो.

जवळून आणखी तीन गोष्टी शोधा. पांढरा कुठून आला: कोरा सोडलेला कागद आहे, की वरून लावलेला पांढरा रंग? कडा कुठे तीक्ष्ण आहेत आणि कुठे ओल्यात विरल्यात? आणि चित्रकार कुठे थांबला? चित्राचा कुठला कोपरा त्याने जवळजवळ मोकळा सोडलाय, तो शोधा आणि बोटाने झाकल्याची कल्पना करा (चित्राला हात लावू नका, दुरूनच). मोकळा कोपरा गेल्यावर चित्र गुदमरतं का? हा प्रयोग मी अजूनही करते.

आणि जे ‘कळत नाही’ त्यापुढे

समकालीन प्रदर्शनात गेलात तर घाट सापडणार नाहीत. तांब्याचे तुकडे, शिवलेलं कापड, जळका कागद, फक्त एकाच निळ्याचे पट्टे, अंधाऱ्या खोलीत फिरणारा व्हिडिओ. ‘हे मलाही आलं असतं’ असं वाटून लगेच बाहेर पडू नका. इथे प्रश्न बदलायचे. हे कशाचं चित्र आहे हा प्रश्न बाजूला ठेवा. हे कशापासून केलंय? तीच वस्तू का निवडली? किती वेळा तीच क्रिया केली असेल? हीच गोष्ट याच्या चौथाई आकारात केली असती तर काय हरवलं असतं?

तांबट आळीत ठोके ऐकत वाढलेल्या मुलाने तांब्याचा पत्रा ठोकून भिंतीवर लावला, तर प्रत्येक खळगा हा एक ठोका आहे, म्हणजे वेळ आहे. येवल्याच्या विणकराच्या घरातल्या मुलीने अर्धवट सोडलेला ताणा टांगला, तर न विणलेला भाग हाच विषय असू शकतो. ही माझी कल्पित उदाहरणं आहेत, पण साहित्याकडून अर्थाकडे जाण्याची वाट अशीच असते. अमूर्त चित्रांसाठी मी नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचं नाव सांगते. रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवत, काढत त्यांनी थरांवर थर उभे केले. त्या चित्रांत काय आहे असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, पण उजेड कुठून येतोय असं विचारलं की नजर आत शिरते. तोच प्रश्न नाशिकच्या भिंतीवरच्या अमूर्त चित्राला विचारा. काही चित्रं त्याला उत्तर देतील, काही नुसतीच सजावट निघतील. तेही कळणं गरजेचं आहे. न आवडण्याचा हक्क आहेच, फक्त दहा मिनिटं दिल्यानंतर तो वापरावा.

भिंत मोजा

आता मोजपट्टी काढा, आणि आधी तिथल्या माणसाला विचारा, ‘दालनाची मापं घेऊ का?’ नाही म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

चित्राचा मध्य साधारण डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर येतो. हँगिंगचं, म्हणजे चित्रं टांगण्याचं, गणित यावरून निघतं. समजा फ्रेम ३० इंच उंच आहे आणि मागची तार ताणली की फ्रेमच्या वरच्या कडेपासून ३ इंच खाली राहते. मध्य ५८ इंचांवर हवा असेल तर ५८ अधिक १५, उणे ३, म्हणजे हूक ७० इंचांवर. वेगवेगळ्या उंचीची चित्रं असली तरी मध्य एका रेषेत राहिला की भिंत शांत दिसते.

किती चित्रं लागतील याचाही अंदाज इथेच घ्या. हाफ इम्पिरियल कागद १५ बाय २२ इंचांचा. आडव्या चित्राला चारी बाजूंनी ३ इंच माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि १ इंच फ्रेम धरली की रुंदी ३० इंच होते. २० फुटांची भिंत म्हणजे २४० इंच. पाच चित्रांना १५० इंच लागतात, उरलेले ९० इंच सहा जागांत वाटले की प्रत्येकी १५ इंच मोकळी जागा. म्हणजे घरात साठलेल्या पंचवीस चित्रांना असल्या पाच भिंती हव्यात. बहुतेकांना इथेच कळतं की पंचवीसमधली दहा घरी राहणार आहेत. माझ्या मते हा या सगळ्या खटाटोपाचा सर्वांत मोठा लाभ आहे.

फ्रेमच्या मागेही डोकावा. कागदावरच्या चित्राला माउंट फक्त शोभेसाठी नसतो, तो काच आणि कागदात अंतर ठेवतो. पावसाळ्यात काचेच्या आत दमटपणा धरतो, कागद काचेला चिकटला की रंग सुटून काचेवर येतो आणि बुरशीचे ठिपके पडतात. माउंट आम्लविरहित असावा, मागची बाजू टेपने बंद असावी. उजेडाचंही बघा: काचेत समोरची खिडकी दिसते का, स्पॉटलाइट कुठल्या कोनातून येतो. कागदावरच्या कामासाठी संग्रहालयं साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) एवढाच मंद उजेड ठेवतात, कारण उजेडाने रंग उडतात. अलिझरिन क्रिमसनसारखा लाल तर लवकर फिका पडतो. विकल्या जाणाऱ्या चित्रात कुठले रंग वापरायचे, याचा विचार इथून सुरू होतो.

चित्रकाराशी बोलताना

बघून झाल्यावरच जवळ जा. आपल्याकडे ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणायची पद्धत आहे, तीच ठेवा. ओळखीत नाव, कुठून आलात, काय करता, एवढं पुरे. मग एका ठरावीक चित्राबद्दल एक ठरावीक प्रश्न विचारा. ‘सर, तुमची चित्रं खूप सुंदर आहेत’ याला ‘धन्यवाद’ याखेरीज उत्तर नसतं. ‘सर, त्या तिसऱ्या चित्रात पाण्यातलं प्रतिबिंब देवळापेक्षा गडद ठेवलंय, ते ठरवून का?’ असं विचारलंत की खुर्ची पुढे सरकते. मग कागद कुठला, किती बैठकांत झालं, कुठे बिघडलं, हे सगळं आपसूक बाहेर येतं. ‘कुठे बिघडलं’ हे तर जरूर विचारा. चित्रकार त्यावर जेवढं मनापासून बोलतात तेवढं कशावरही बोलत नाहीत.

विचारू नयेत असेही दोन प्रश्न आहेत. ‘किती विकली?’ हा एक. लेबलजवळच्या लाल टिकल्या मोजा, उत्तर मिळतं. दुसरा, ‘माझं काम बघाल का?’, पहिल्या भेटीत. त्यांनी आपणहून विचारलं तर ‘पुन्हा सवडीने घेऊन येते’ म्हणा आणि खरोखरच जा. तेव्हा दहा चित्रं न्या, चाळीस नकोत, आणि मोबाईलवर दाखवणं टाळा.

फोटो काढण्याआधी विचारा. यात शिष्टाचाराबरोबर कायदाही आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र विकलं तरी त्याचा कॉपीराइट सहसा चित्रकाराकडेच राहतो, त्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं. विकत घेणाऱ्याला मिळते ती वस्तू. ती छापण्याचा हक्क वेगळा घ्यावा लागतो. कुणी पैसे देऊन स्वतःचं व्यक्तिचित्र काढून घेतलं, तर मात्र वेगळा करार नसल्यास कॉपीराइट त्या माणसाचा होतो. व्यक्तिचित्रं करणाऱ्या किती मुलांना हे माहीत नसतं! याच कायद्यात अशीही तरतूद आहे की मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला त्यात वाटा मागता येतो, जास्तीत जास्त १० टक्के.

निघताना अभिप्राय वहीत लिहा. ‘अप्रतिम’ लिहून सही ठोकू नका. कुठल्या चित्राने थांबवलं आणि का, ते दोन ओळींत लिहा. प्रदर्शन उतरल्यावर चित्रकार रात्री ती वही वाचतात, पानन्‌पान. मी वाचते.

दालन मागायचं झालं तर

हे चार-पाच प्रदर्शनं नीट पाहिल्यानंतर. भाड्याच्या दालनात व्यवस्थापकाला भेटून अर्ज, भाडं, अनामत, हँगिंगसाठी मिळणारा वेळ, रात्री कुलूप कुणाकडे, एवढं लिहून घ्या. हूक आणि साखळ्या दालनाच्या की आपल्या, हे विचारायला लोक विसरतात आणि मग हँगिंगच्या रात्री मेन रोडवर हार्डवेअरची दुकानं शोधत फिरतात. निवड करणाऱ्या गॅलरीला दहा-बारा चित्रांचे स्वच्छ फोटो, मापं, माध्यम, वर्ष आणि अर्ध्या पानाचं मनोगत पाठवा. मनोगतात ‘निसर्ग हाच माझा गुरू’ नको. तुम्ही काय, कुठे, का रंगवता ते साध्या मराठीत लिहा.

खर्चात फ्रेमिंग सर्वांत मोठं असतं, त्यानंतर भाडं, टेम्पो, निमंत्रणपत्रिका. दोघा-तिघांनी मिळून समूह प्रदर्शन केलं तर हे वाटलं जातं, आणि पहिल्या वेळी मी तेच सुचवीन. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीचं स्वप्न ठेवा, १९५२ पासून महाराष्ट्रातला प्रत्येक चित्रकार ते पाहत आलाय, पण तिथे तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. तोवर आपल्या गावची भिंत आहे.

शेवटच्या संध्याकाळी जा

हे कोणी सांगत नाही. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, बंद व्हायच्या तासभर आधी जा आणि ‘उतरवायला मदत करू का?’ विचारा. त्या वेळी पाहुणे नसतात, दोन हात कमी पडत असतात. फ्रेम तारेला धरून उचलायची नसते, खालून आणि बाजूने धरायची. काच फुटलीच तर तुकडे सुटून चित्रावर पडू नयेत म्हणून तिच्यावर टेपची फुली मारतात. ठेवताना फ्रेमची तोंडं समोरासमोर आणि पाठी पाठीला, कोपऱ्यांना पुठ्ठा, टेम्पोत उभ्या, कधीही आडव्या एकावर एक नाही. हे सगळं मी अशाच एका संध्याकाळी शिकले. शेवटची फ्रेम चढवल्यावर त्या चित्रकार बाईंनी टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून चहा दिला आणि म्हणाल्या, ‘आता आण तुझी चित्रं. रविवारी सकाळी, घरी.’